रुमालातले भांडण

आमच्या घरी दसऱ्याला शस्त्रपूजा होत नाही. शस्त्र म्हणावे अशी घरात एक विळीच आहे. पूजा होते ती एका लाल रुमालात बांधलेल्या जुन्या कागदांची. थोरल्या घराने आमचा जमिनीचा हिस्सा कसा गिळला, याचा पुरावा त्यांत आहे, असे आत्या सांगते. आजोबांना मोडी येई, पण त्यांनी रुमाल कधी सोडला नाही. भांडण तोंडपाठ असले, की कागद कोण वाचतो? वडिलांच्या वेळी शाळेतून मोडीच गेली होती.

आणि मी? मी मराठीचा प्राध्यापक.

“एवढा एम. ए. झालास ना? मग वाच की!” आत्या दर दसऱ्याला म्हणे. शेवटी गेल्या उन्हाळ्यात मी मोडीच्या वर्गात नाव घातले. शेजारी एक निवृत्त तलाठी, पुढे कॉलेजातल्या दोन मुली. वीस वर्षे दुसऱ्यांचे पेपर तपासणारा मी पहिल्याच चाचणीत नापास झालो!

मोडीत आधी कागदभर आडवी रेघ ओढतात आणि मग तिच्याखाली अक्षरे लिहीत जातात. लेखणी उचलायची नाही, शब्दांत जागा सोडायची नाही, विरामचिन्हांचे नाव नाही. वेलांटी एकच, उकार एकच. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका काढण्यात हयात घालवलेल्या माणसाला हा मोठाच धक्का. ‘मौजे’ला नुसते ‘मौ’, आणि बापाच्या नावाआधी ‘बिन’. हा ‘बिन’ सापडला, की वंशावळीची एक पायरी वर चढता येते.

अक्षरे जमली, तर तारखा अडवतात. आमच्या कागदावर सन होता ‘सलास तिसैन मया व अलफ’. म्हणजे तीन, नव्वद, शंभर आणि हजार : सुहूर सन ११९३. हे वर्ष मृगाला बदलते, म्हणून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि पुढे ६०० मिळवायचे. आले १७९२-९३. त्या संध्याकाळी मी घरी येऊन सौभाग्यवतीला किराणाचे बिलसुद्धा अरबीत मोजून दाखवले.

आणि मग ती ओळ लागली : ‘हिसा राजीरजावंदीनेदिल्हा’. मी वाचले, ‘राजीरजावंदी नेदिल्हा’. ‘नेदी’ म्हणजे देत नाही. ज्ञानेश्वरी शिकवणाऱ्याला हे का सांगायला हवे? हिस्सा राजीखुशीने दिला नाही! आत्याला तेव्हाच फोन केला. तिने देवापुढे साखर ठेवली.

दुसऱ्या दिवशी मोठ्या ऐटीत कागद गुरुजींपुढे ठेवला. ते हसले. “सर, ज्ञानेश्वरी १२९० ची. पाचशे वर्षांनंतरच्या दस्तात ‘नेदी’ कशाला आणता? ‘राजीरजावंदीने दिल्हा’ असे तोडा. खतपत्रांत हेच कलम शंभरदा येते. आधी आहे ते वाचावे; हवे ते वाचू नये.”

कान लाल झाले. मग पुढच्या ओळी त्यांच्याबरोबर वाचल्या. १७९१-९२ च्या सुमारास दख्खनेत मोठा दुष्काळ पडला होता. त्यात थोरल्या भावाने धाकट्याची बायकोमुले आपल्या कणगीतल्या दाण्यावर जगवली. त्या उपकारापोटी धाकट्याने आपला हिस्सा लिहून दिला. धाकटा म्हणजे आमचा मूळपुरुष. आमच्या हातात होती ती त्याची नक्कल.

वि. का. राजवाडे दारोदार फिरून असली दप्तरे मिळवीत. वाईच्या कागदांवरून १८९८ साली त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. पुण्याच्या पेशवे दप्तरात हजारो रुमाल आहेत, त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यांची नावे आहेत. आपल्या घराण्याचा शोध तिथे जाऊन कोणीही घ्यावा. मात्र वर्गात आधी बसावे. लिपीसाठी तर खरेच, पण त्याहून जास्त आपल्या हट्टाला आवर घालण्यासाठी.

आत्याला खरे सांगायला मला आठ दिवस लागले. ऐकून ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “म्हणजे आपण त्यांच्या दाण्यावर वाढलो, आणि सात पिढ्या त्यांनाच शिव्या दिल्या?”

मी थोरल्या घरी गेलो. काकांनी दारातच विचारले, “आता कसला कागद? कोर्टाचा?” कागद वाचून दाखवला. काही न बोलता ते देवघरात गेले आणि एक पिवळा रुमाल घेऊन आले. “आमच्याकडेही पूजा होते. धाकट्या घराने आम्हाला फसवले त्याचा पुरावा आहे, म्हणतात. वाचता येतो कुणाला?”

त्यात त्याच खताची अस्सल प्रत होती.

यंदाच्या भाऊबीजेला आत्या काकांना ओवाळायला जाणार आहे. ओवाळणी काय घालावी, म्हणून काकांनी मला विचारले. मी म्हटले, “पायलीभर दाणे घाला. हिशेब तिला ठाऊक आहे.”