समजून घ्या : बिल अकाउंट्सकडे, मीटर मेंटेनन्सकडे, पैसा गळतो कुठे?

पारनेर तालुक्यातील सुपा एमआयडीसीसारख्या वसाहतीत उच्चदाब वीज घेणाऱ्या कारखान्याचे महावितरणचे बिल अनेकदा थेट अकाउंट्सकडे जाते. तिथे रक्कम आणि मुदत पाहिली जाते. मशीन चालवणाऱ्या मेंटेनन्स विभागाला बिलाची प्रतही मिळत नाही. गळती इथूनच सुरू होते.

१ एप्रिल २०२० पासून उच्चदाब ग्राहकांना केव्हीएएच पद्धतीने आकारणी होते. म्हणजे पॉवर फॅक्टर घसरला की तेवढ्याच कामाचे युनिट वाढतात. समजा, मशीननी प्रत्यक्षात १ लाख युनिट वापरले. पॉवर फॅक्टर ०.९० असेल तर आकारणी सुमारे १ लाख ११ हजार युनिटची; ०.९८ असेल तर १ लाख २ हजारांची. हे ९ हजार युनिट बिघडलेले कपॅसिटर पॅनल दुरुस्त करून वाचतात. पण दुरुस्तीचे कोटेशन अकाउंट्सच्या टेबलावर नुसता खर्च म्हणून पोहोचते. त्याला मागच्या सहा बिलांचे आकडे जोडले, तर सही लवकर होईल.

डिमांड चार्जचेही तसेच. शिफ्ट सुरू होताना कॉम्प्रेसर, चिलर, भट्टी एकदम चालू केली की मागणीचा उच्चांक नोंदवला जातो आणि काही मिनिटांची घाई महिन्याच्या बिलात बसते. वीज नियामक आयोगाच्या २०२३ च्या आदेशात लोड फॅक्टर सवलतीला दोन अटी होत्या : मागणी कॉन्ट्रॅक्ट डिमांडपेक्षा वर जाता कामा नये आणि थकबाकी नसावी. पहिली अट मेंटेनन्सच्या हातात, दुसरी अकाउंट्सच्या. एक चुकला तरी सवलत दोघांचीही जाते!

आता वेळेचे गणितही फिरले आहे. पूर्वी रात्री १० ते सकाळी ६ वीज स्वस्त, म्हणून जड कामे रात्रपाळीत. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनी दिवसाच्या सौर तासांत दर कमी ठेवायला सांगितले, आणि राज्यात २०२५ च्या आदेशांनी सवलत सकाळी ९ ते संध्याकाळी ५ कडे वळवली. रात्रपाळीचा भत्ता अकाउंट्सला माहीत, मशीनचा लोड मेंटेनन्सला. पाळी बदलायची की नाही, हे एकट्याला ठरवता येत नाही.

बिल निघाल्यापासून सात दिवसांत भरल्यास कर-शुल्क वगळून १ टक्का सूट मिळते. त्यामुळे रीडिंग तपासायचे, तर बिलाची प्रत पहिल्याच दिवशी मेंटेनन्सकडे पोहोचायला हवी.