सर्दी-खोकला आणि रक्तदाबाची गोळी

गारठा वाढला की आमच्या कवठे येमाईत घरोघरी खोकला सुरू होतो आणि मला हमखास विचारले जाते, "डॉक्टर, बीपीच्या गोळीने साथीचा आजार लवकर जडतो म्हणे. बंद करू का?"

ही भीती २०२० सालच्या कोरोनातली. रामिप्रिल, टेल्मिसार्टनसारख्या गोळ्यांमुळे विषाणूला पेशीत शिरणे सोपे जाते, अशी शंका तेव्हा निघाली. इटलीतील पाहणीत मात्र या गोळ्यांनी लागण वाढल्याचे आढळले नाही. ब्राझीलमध्ये कोरोनाच्या ६५९ रुग्णांपैकी साधारण निम्म्यांची गोळी महिनाभर थांबवली. थांबवून काही फायदा दिसला नाही.

उलट, मनाने गोळी सोडली तर रक्तदाब चढून अर्धांगवायूचा धोका वाढतो.

जपायचे ते स्टेरॉइडला. सांधेदुखीवर चिठ्ठीविना महिनोन्महिने घेतलेली प्रेडनिसोलोनची गोळी प्रतिकारशक्ती खरोखरच कमी करते. मात्र तीही एकाएकी सोडू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी.

माझे मत स्पष्ट आहे. पारावरच्या सल्ल्याने गोळी सुरूही करू नये आणि बंदही करू नये. खोकला झाला तर चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे घेऊन दवाखान्यात यावे.