हसू कुणाचं, हसं कुणाचं?

बायकांच्या चळवळीवर एक आरोप कायम होतो: 'तुम्हाला विनोद कळत नाही.' या आरोपाला भिऊन आपण पुष्कळदा कसनुसं हसतो आणि विषय सोडून देतो. म्हणून आज त्याबद्दलच बोलू या.

पुढाऱ्यांवर विनोद व्हायलाच हवेत. आणीबाणीत, डिसेंबर १९७५ मध्ये, अबू अब्राहम यांचं एक व्यंगचित्र 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये छापून आलं. राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद आंघोळीच्या टबात बसून वटहुकमावर सही करून देतायत, असं ते चित्र. आजही त्या राष्ट्रपतींचं नाव निघालं की अनेकांना आधी ते चित्र आठवतं. एका विनोदाने त्यांची प्रतिमा कायमची ठरवली. पण तो विनोद त्यांच्या सहीवर होता, पदावर बसून त्यांनी केलेल्या कामावर होता. असा विनोद लोकशाहीला हवाच.

आता दुसरं उदाहरण पाहा. लालूप्रसाद यादव यांच्या बोलीवर, केसांवर, गायी-म्हशींवर देशभर विनोद झाले. ते स्वतःही त्यात हौसेने भर घालत. या विनोदांनी त्यांचं फारसं बिघडलं नाही. उलट 'गावरान पण बेरकी, आपल्यातला माणूस' ही प्रतिमा पक्की झाली. चारा घोटाळ्यामुळे जुलै १९९७ मध्ये त्यांनी मुख्यमंत्रीपद सोडलं आणि त्या जागी पत्नी राबडीदेवी आल्या. सत्ता घरातल्या घरात फिरवली, ही टीका रास्तच होती. पण विनोद त्यावर झाले नाहीत. ते झाले राबडीदेवींच्या शिक्षणावर, चुलीवर, मुलांच्या संख्येवर, सही करण्यावर. म्हणजे खुर्ची देणारा हुशार आणि खुर्चीवर बसलेली बाई मूर्ख! मध्ये खंड पडत २००५ पर्यंत त्या तीनदा मुख्यमंत्री झाल्या. त्यांच्या सरकारने काय केलं, काय केलं नाही, हे मात्र फारसं कुणाला आठवत नाही. विनोद आठवतात.

इंदिरा गांधी १९६६ मध्ये पंतप्रधान झाल्या तेव्हा राममनोहर लोहियांनी त्यांना 'गूंगी गुडिया' म्हटलं. पुढे त्यांनी सत्ता घट्ट हाती घेतली, तेव्हा 'मंत्रिमंडळातला एकमेव पुरुष' हा विनोद रूढ झाला. दुबळी असली तर बाहुली, खंबीर असली तर पुरुष. बाई असून कर्तबगार, याला विनोदात जागाच नाही.

हे सगळं दिल्ली-पाटण्यातच घडतं असं नाही. ग्रामपंचायतीच्या महिला सदस्यांच्या शिबिरात मी एक खेळ घेते. फळ्यावर दोन रकाने करायचे. एकात पुरुष पुढाऱ्यांवरचे ऐकलेले विनोद, दुसऱ्यात बाई सदस्यांवरचे. पहिल्यात येतं: पैसे खातो, पक्ष बदलतो, सभेत झोपतो. दुसऱ्यात येतं: पदर, भाकरी, अंगठा, 'नवऱ्याला विचारून सांगते'. मग मी विचारते, विनोद झाल्यावर पुढे काय झालं? पहिल्या रकान्याचं उत्तर ठरलेलं: 'काय होणार ताई, परत निवडून आला!'

दुसऱ्या रकान्याबद्दल एक सदस्य सांगत होती, 'मी पाण्याच्या टाकीचा हिशेब विचारला. ग्रामसेवक म्हणाले, ताई, हे वित्त आयोगाचे पैसे आहेत, भिशीचे नव्हेत. सगळी सभा हसली. पुढच्या सभेत मी तोंडच उघडलं नाही.'

टाकीचा हिशेब तिथेच राहिला. विनोदाने नेमकं हेच काम केलं. आणि गावात तिचं नाव पडलं 'भिशीवाली'. पुढच्या निवडणुकीत लोकांना तिने विचारलेला प्रश्न आठवणार नाही, हे नाव आठवेल.

म्हणून विनोद ऐकला की एक करून पाहा. त्यात बाईच्या जागी पुरुषाचं नाव घाला. विनोद टिकला, तर तो कामावर आहे; पोटभर हसा. नाव बदलताच तो विझला, तर तो तिच्या बाई असण्यावर होता. हीच कसोटी आपल्या बैठकांनाही लावायला हवी. विरोधी पक्षाच्या नेत्या बाईची साडी, वजन, नवरा यांवरून आपल्याकडेही खसखस पिकतेच. तिच्या धोरणावर तुटून पडू या, पण शरीर आणि घर सोडून.

आणि भर सभेत असा विनोद झालाच, तर रागावून उठून जाऊ नका. हसणाऱ्यांचं हसून होऊ द्या आणि तोच प्रश्न पुन्हा विचारा. शेजारच्या दोघींनी लगेच 'उत्तर द्या' म्हणायचं, हे ग्रामसभेआधीच्या महिला सभेतच ठरवून ठेवा. एकटीचं हसं होतं. तिघींनी हिशेब मागितला की तो द्यावा लागतो.