अंतर मोजताना नदी विसरू नये

एनसीईआरटीच्या दहावीच्या गणितात अंतराचे सूत्र एका सोप्या प्रश्नातून येते. एक गाव दुसऱ्याच्या ३६ किलोमीटर पूर्वेला आणि १५ किलोमीटर उत्तरेला आहे. तर प्रत्यक्ष न मोजता दोहोंतले अंतर किती? १२९६ आणि २२५ यांची बेरीज १५२१, वर्गमूळ ३९. पायथागोरसच्या प्रमेयातून निघालेले हे सूत्र प्रत्येक मुलाला आलेच पाहिजे. पण ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते, हेही त्याला कळले पाहिजे.

गाझियाबादचेच पाहा. हिंडन नदीने या शहराचे दोन भाग केले आहेत. एका बाजूला जुने शहर आणि राजनगर, दुसऱ्या बाजूला वसुंधरा आणि इंदिरापुरम. काठांवरच्या समोरासमोरच्या दोन घरांतले अंतर सूत्राने काढले तर ते थोडेच भरेल; चालणाऱ्याला मात्र आधी पूल गाठावा लागतो. शिवाय नकाशावरचे अक्षांश-रेखांश तसेच सूत्रात घालून चालत नाही. इथे अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा, तर रेखांशाचा सुमारे ९८ किलोमीटरचा आहे.

सरळ रेषेतले अंतर आणि चालण्याचे अंतर यांतला हा फरक केवळ वर्गातला नाही. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाचे कलम ११ सांगते की, केंद्रीय कायद्यात वेगळा हेतू दिसत नसेल तर अंतर क्षितिजसमांतर प्रतलावर सरळ रेषेत मोजावे. शिक्षण हक्क कायद्याखालच्या केंद्राच्या २०१० च्या नियमांनी मात्र मुलांच्या पायांचा विचार केला. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटर, तीही चालण्याच्या अंतरात, असे ते म्हणतात. पूर, दरडी, रस्त्याचा अभाव अशा ठिकाणी ही मर्यादा आणखी कमी करावी, असेही त्यांत आहे.

म्हणून शाळेचे अंतर ठरवताना कोणत्याही राज्यातल्या अधिकाऱ्यांनी नकाशावरच्या दोन बिंदूंवर थांबू नये. सहा वर्षांचे मूल ज्या वाटेने जाईल ती वाट मोजावी. आणि शिक्षकांनी हे सूत्र शिकवताना एक गृहपाठ जरूर द्यावा : घर ते शाळा हे अंतर आधी सूत्राने काढा, मग चालून मोजा, आणि दोन्ही उत्तरांत फरक का पडला ते लिहा. हे कारण शोधणे हाही गणिताचाच भाग आहे. ते ज्याला शोधता आले, ते मूल उद्या अधिकारी झाले तरी नदी विसरणार नाही.