विश्लेषण : मोटरला १० वर्षांची हमी, मग ‘बोर्ड मिळत नाही’ कसे?

वॉशिंग मशीन बंद पडते. तंत्रज्ञ येतो, दोन बटणे दाबून पाहतो आणि निकाल देतो, ‘बोर्ड गेलाय. या मॉडेलचा माल आता येत नाही. एक्स्चेंजमध्ये नवीन घेऊन टाका.’ यंत्र सहा-सात वर्षांचे, मोटर ठणठणीत, टब शाबूत. तरीही ते भंगारात जाते आणि घरात नवा हप्ता सुरू होतो. असा प्रसंग अनेक घरांत घडला असेल. त्यातून दोन प्रश्न उभे राहतात. बोर्ड खरेच गेला आहे का? आणि गेला असेल तर तो मिळत का नाही? पहिल्याचे उत्तर पुष्कळदा घरच्या घरी सापडते. दुसऱ्याचे उत्तर मात्र कंपन्यांकडे आणि सरकारकडे मागावे लागेल.

पाणी भरत नसेल तर आधी काय पाहावे?

पूर्ण स्वयंचलित टॉप लोड यंत्र अडले की पडद्यावर एखादा सांकेतिक कोड दाखवते. काही कंपन्यांच्या यंत्रांत ‘आयई’ म्हणजे पाणी येत नाही, ‘ओई’ म्हणजे पाणी बाहेर जात नाही, ‘यूई’ म्हणजे टबचा तोल गेला, ‘डीई’ म्हणजे झाकण नीट लागलेले नाही. कंपनीनुसार कोड बदलतात, त्यामुळे माहितीपुस्तिका जपून ठेवावी किंवा तिचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा. कोड आपल्याला बिघाड कुठल्या बाजूला आहे एवढेच सांगतो, कोणता भाग गेला हे सांगत नाही.

पाणी येत नसेल तर नळ बंद करून, प्लग काढून, यंत्रामागची नळी सोडवावी. नळी जिथे बसते तिथे छोटी जाळी असते. बोअरवेल किंवा टँकरच्या पाण्यातला क्षार आणि टाकीतला गाळ तिथे साचतो. जुन्या टूथब्रशने ती घासली की अनेक यंत्रे पुन्हा सुरळीत चालतात. मग नळीचे तोंड बादलीत धरून धार पाहावी. दहा मीटर उंचीवरच्या पाण्याचा दाब साधारण एक बार असतो. इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर टाकी जेमतेम दोन-तीन मीटर वर असते, म्हणून तिथे दाब फारच कमी मिळतो. अशा घरात दोष यंत्राचा नसतो. दाब वाढवणारा छोटा पंप बसवावा लागतो.

उलट, पाणी भरतच राहिले तर एक सोपी चाचणी आहे. भरत असताना प्लग काढा. वीज बंद असूनही पाणी आत येत राहिले तर पाणी आत सोडणारा इनलेट व्हॉल्व्ह बंद होत नाही. पाणी थांबले तर व्हॉल्व्ह नीट बंद होतो. मग पातळी मोजणारा सेन्सर, त्याची बारीक हवेची नळी किंवा बोर्ड तपासावा लागेल. आणि पाणी भरताना बाहेर जाणाऱ्या पाइपमधून सतत धार लागली असेल, तर आतला ड्रेन व्हॉल्व्ह कचऱ्यामुळे नीट बसत नाही एवढाच अर्थ.

पाणी बाहेर जात नसेल तर?

आपल्याकडच्या बऱ्याच टॉप लोड यंत्रांत पाणी उपसणारा पंप नसतो. एक छोटी ड्रेन मोटर व्हॉल्व्ह ओढून उघडते आणि पाणी उताराने जाते. त्यामुळे बाहेरचा पाइप वर उचलून बेसिनमध्ये सोडला किंवा उंबऱ्यावरून नेला की पाणी अडते. घर बदलल्यावर किंवा फरशी नवी केल्यावर ‘मशीन बिघडले’ अशी तक्रार येते, तेव्हा आधी पाइपची उंची पाहावी. त्यानंतर नाणी, हेअरपिन, मोज्याचा धागा हे नेहमीचे संशयित. खिशातले एक नाणे व्हॉल्व्हच्या तोंडाशी अडकले की पाणी तुंबते, पिळणे सुरू होत नाही आणि दोष मात्र बोर्डाच्या माथी येतो.

पिळताना यंत्र आदळत असेल तर?

आधी कपडे मोकळे करून टबमध्ये सगळीकडे सारखे पसरावेत. एकटी जाड चादर पिळायला टाकली तर ती एका बाजूला गोळा होते. मग यंत्राच्या चारही कोपऱ्यांवर हाताने दाब देऊन पाहावे; डुगडुगत असेल तर पाय फिरवून समतल करावे. तरीही टब आपटत असेल तर त्याला टांगून धरणारे चार सस्पेन्शन रॉड थकले असावेत. ते चौघे एकदम बदलावेत, एकच बदलला तर तोल पुन्हा जातो.

मोटर गुणगुणते पण फिरत नाही, हे साध्या मोटरच्या यंत्रांत बहुधा कपॅसिटर कमजोर झाल्याचे लक्षण. हा स्वस्त भाग आहे. मात्र कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही वीज साठून राहू शकते आणि इन्व्हर्टर यंत्राच्या बोर्डावर तर जास्तच. म्हणून जाळी, पाइप, पाय, झाकण इथपर्यंत घरचे काम. पाठीमागचे स्क्रू उघडायचे काम जाणकाराचे, ही सीमा पाळावी. अर्थिंग नसलेल्या सॉकेटवर तर यंत्र चालवूच नये.

‘बोर्ड गेला’ हे कशावरून?

तंत्रज्ञाला एकच प्रश्न विचारावा, ‘मीटर लावून पाहिले का?’ पाणी सोडण्याच्या वेळी ड्रेन मोटरपर्यंत वीज पोहोचत असेल आणि तरीही मोटर हलत नसेल, तर ड्रेन मोटर गेली. बोर्ड चांगला आहे. वीज पोहोचतच नसेल तर आधी वायरिंग पाहायचे. टॉप लोड यंत्र खालून उघडे असते आणि उंदराने कुरतडलेली वायर हे आपल्याकडचे अगदी नेहमीचे कारण आहे. वायर शाबूत असेल तरच संशय बोर्डावर. ही तपासणी काही मिनिटांची आहे. ती न करता बोर्डावर बोट ठेवणे म्हणजे ताप न मोजताच औषध लिहून देणे.

बोर्ड खरोखर गेला असला तरी तो नेहमीच निकामी नसतो. दमटपणापासून बचाव व्हावा म्हणून त्यावर राळेसारखा थर ओतलेला असतो. तो खरवडून रिले किंवा वीजपुरवठ्याचा भाग बदलून देणारे कारागीर मोठ्या शहरांत आहेत. दुरुस्त बोर्डाची हमी थोड्या काळाची असते, पण खर्च नव्याच्या तुलनेत कमी येतो.

सुटा भाग शोधायचा कसा?

‘सात किलोचे टॉप लोड’ एवढ्या माहितीवर भाग मिळत नाही. यंत्राच्या मागे किंवा झाकणाजवळ चिकटवलेल्या पट्टीवर पूर्ण मॉडेल क्रमांक आणि सीरियल क्रमांक असतो. शेवटची दोन-चार अक्षरेही महत्त्वाची, कारण एकाच नावाच्या यंत्रात वर्षानुवर्षे वेगवेगळे बोर्ड बसवले जातात. ही पट्टी पुसट होण्याआधी आजच तिचा फोटो काढून ठेवा. भागावरही स्वतंत्र पार्ट क्रमांक छापलेला असतो. शोध त्या क्रमांकाने घ्यावा. दुकानात जाताना जुना भाग सोबत न्यावा. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड अशा बाजारांत इलेक्ट्रॉनिक्सच्या सामानाची चौकशी करता येते. जिल्ह्याच्या ठिकाणी दुरुस्तीवाल्यांना माल पुरवणारी एक-दोन दुकाने असतातच. त्यांचा पत्ता परिसरातला जुना मेकॅनिक सांगतो.

इनलेट व्हॉल्व्ह, ड्रेन मोटर, बेल्ट, कपॅसिटर यांना बाजारात पर्यायी माल मिळतो. मात्र नळीच्या जोडाचा आकार, व्होल्टेज, बेल्टची लांबी तंतोतंत जुळली पाहिजे. बोर्डाच्या बाबतीत ‘युनिव्हर्सल’ किट बसवणारेही आहेत, पण त्यात मूळ यंत्राच्या काही सोयी जातात. म्हणून तो शेवटचा उपाय समजावा.

आणखी एक सावधगिरी. कंपनीचा सेवा क्रमांक सर्च इंजिनवर शोधून पहिलाच क्रमांक लावू नका. तिथे भामट्यांनी पेरलेले क्रमांक असू शकतात. माहितीपुस्तिका, हमीपत्र किंवा कंपनीचे अधिकृत संकेतस्थळ हेच खात्रीचे. नोंदणीच्या नावाखाली कोणी ॲप डाउनलोड करायला लावले किंवा ओटीपी मागितला तर फोन ठेवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर तक्रार करा.

१० वर्षांच्या हमीत काय येते?

इथे मूळ मुद्दा येतो. जाहिरातीत ठळक अक्षरांत ‘१० वर्षे’ असते, बारीक अक्षरांत ‘मोटरवर’. संपूर्ण यंत्राची हमी सहसा दोन वर्षांत संपते. मोटर हा यंत्रातला सर्वांत दणकट भागांपैकी एक. वर पाहिलेली बिघाडांची यादी पुन्हा नजरेखालून घाला. जाळी, व्हॉल्व्ह, ड्रेन मोटर, रॉड, वायर, बोर्ड. त्यात मुख्य मोटर जवळपास कुठेच नाही. म्हणजे जो भाग क्वचित जातो त्याची हमी दहा वर्षे आणि ज्याच्यावाचून यंत्र एक पाऊल पुढे टाकत नाही, तो बोर्ड सातव्या वर्षी मिळेल की नाही याची शाश्वती नाही. मोटर चांगली आणि बोर्ड नाही, अशा यंत्राच्या मालकाला त्या दहा वर्षांचा उपयोग काय?

जुन्या अर्धस्वयंचलित यंत्राशी तुलना करून पाहा. त्यात दोन मोटर, दोन टायमर, एक ब्रेकची वायर. हे भाग तालुक्याच्या गावातही मिळतात आणि तिथला कारागीर ते बसवतो. यंत्र ‘हुशार’ झाले तशी दुरुस्तीची चावी गावातल्या कारागिराच्या हातून निघून कंपनीच्या गोदामात गेली. कपडे धुण्याचे काम दोन्ही यंत्रे करतात. फरक एवढाच की एकाच्या आयुष्याचा निर्णय मालक घेतो, दुसऱ्याचा गोदाम घेते.

कायदा काय सांगतो?

युरोपीय संघात १ मार्च २०२१ पासून वॉशिंग मशीनच्या उत्पादकांवर स्पष्ट बंधन आहे. मॉडेलचे शेवटचे यंत्र बाजारात आल्यानंतर किमान १० वर्षे सुटे भाग उपलब्ध ठेवायचे आणि मागणीनंतर १५ कामकाजाच्या दिवसांत पोहोचवायचे. व्यावसायिक दुरुस्तीकारांसाठीच्या या यादीत मोटर आणि पंपाबरोबर बोर्डही नाव घेऊन समाविष्ट आहे. फ्रान्सने २०२१ पासून काही वस्तूंवर दुरुस्ती किती सोपी आहे याचे गुण छापणे सक्तीचे केले.

आपल्याकडे केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षी पोर्टल सुरू केले. शेती अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, गृहोपयोगी वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे त्यासाठी निवडली. पाऊल योग्य आहे. पण पोर्टलवर माहिती देणे आणि ठरावीक वर्षे भाग पुरवण्याचे बंधन असणे यांत अंतर आहे. सुट्या भागांवरील मक्तेदारी ही स्पर्धेची गळचेपी ठरू शकते, हे भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्येच १४ मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावताना मांडले होते. त्या दंडावर पुढे अपिले झाली, पण स्वतंत्र गॅरेजला भाग मिळालेच पाहिजेत हा विचार तेव्हाच नोंदला गेला. मोटारीला जो न्याय, तो कपडे धुण्याच्या यंत्राला का नसावा?

आज ग्राहकाच्या हाती काहीच नाही असे मात्र नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. पाळण्याची शक्यताच नसलेले दुरुस्तीचे आश्वासन देणेही त्यातच मोडते. म्हणून ‘भाग उपलब्ध नाही’ हे तंत्रज्ञाकडून तोंडी ऐकून सोडून देऊ नका; कंपनीकडून ईमेलवर लेखी मागा. लेखी मागितल्यावर काही वेळा तो भाग सापडतोही. बदललेला जुना भाग परत मागा आणि बिलावर पार्ट क्रमांक लिहून घ्या. तरीही दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा. पाच लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेल्या वस्तूसाठी जिल्हा आयोगात तक्रारीला शुल्क नाही आणि ती ऑनलाइन करता येते. मुदत साधारणपणे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे.

मग काय व्हायला हवे?

मागणी फार मोठी नाही. विकताना खोक्यावर तीन गोष्टी छापाव्यात : बोर्डासह सुटे भाग किती वर्षे मिळतील, मुख्य भागांच्या किमती काय आणि त्या कुठे मिळतील. मग ग्राहक ‘मोटरवर १० वर्षे’ आणि ‘बोर्ड १० वर्षे मिळेल’ यांतला फरक दुकानातच तोलू शकेल. भाग आणि तांत्रिक माहिती स्वतंत्र कारागिरालाही कंपनीच्या तंत्रज्ञाइतकीच मिळावी. ई-कचरा नियमांनी जुन्या यंत्राच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहेच. यंत्र कचरा होण्याआधीची जबाबदारीही त्यांच्यावर टाकणे हे त्याच विचाराचे पुढचे पाऊल ठरेल.

कंपन्या म्हणतील, जुने भाग साठवून ठेवणे महाग पडते. ते खरेही आहे. पण तो खर्च आजही होतोच. फक्त तो कंपनीच्या हिशेबात न दिसता, चांगली मोटर भंगारात टाकून नवे यंत्र घेणाऱ्या घराच्या हिशेबात दिसतो. पुढच्या वेळी दुकानात विक्रेता किलो, प्रोग्रॅम आणि सवलती सांगू लागला की त्याला आधी एवढेच विचारा, ‘याचा बोर्ड सातव्या वर्षी मिळेल का? आणि ते लिहून द्याल का?’