वाचवलेल्या २५ हजारांचं वजन

चाळिशी-पंचेचाळिशीत नोकरीतून मोकळं व्हायचं म्हटलं की बहुतेक जण पगारवाढीच्या मागे लागतात. मला हा हिशेबच उलटा वाटतो. समजा, पुण्यातल्या एका कुटुंबाच्या हातात महिन्याला १ लाख येतात आणि ७५ हजार खर्च होतात. नोकरी सोडायला वार्षिक खर्चाच्या ३० पट पुंजी हवी आणि महागाई वजा जाता गुंतवणूक वर्षाला ३ टक्क्यांनी वाढते, असं धरू. लागतील २ कोटी ७० लाख आणि ते जमायला ४४ वर्षं, म्हणजे पंचविशीत सुरुवात करूनही सत्तरीच गाठायची! हातात २५ हजार जास्त येऊ लागले आणि खर्च तेवढाच राहिला, तर २९ वर्षं. मात्र पगार तोच ठेवून खर्च २५ हजारांनी उतरवला, तर २२. शिल्लक दोन्हीकडे ५० हजारच, पण ५० हजारांत भागवणाऱ्याला १ कोटी ८० लाख पुरतात. त्यातून हातात २५ हजार जादा पडायचे तर पगार त्याहून जास्त वाढावा लागतो. कर कुणाला चुकलाय?

आता हे २५ हजार आणायचे कुठून? चहा-वडापावावर डोळा ठेवून काही साधत नाही, जीव मात्र उबतो. मोठी गळती मोठ्या वस्तूंतच असते. ९ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी १० लाखांचं कारकर्ज घेतलं की हप्ता पावणेएकवीस हजारांच्या आसपास बसतो. महिन्याला ४० लिटर पेट्रोलचे ४ हजारांवर, शिवाय विमा आणि सर्व्हिसिंग. २५ हजार इथेच झाले. हप्ते संपतात हे खरं, पण संपले की पुढची, आणखी मोठी गाडी बुक होते! त्या ४० लिटरमधून ९० किलोंवर कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, हेही त्याच खात्यात मांडायला हवं. मेट्रो, पीएमपी आणि अडीअडचणीला रिक्षा एवढ्यावर ज्यांचं भागतं, त्यांना पर्यावरणासाठी वेगळं व्रत धरावं लागत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो कवडीचुंबकपणाचा. पण गाडी नसलेला माणूस पाहुण्याला जेवू घालायचं टाळत नाही. बऱ्याचदा उलटच दिसतं. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. ज्याच्या हातात १८ हजार पडतात, त्याला काटकसरीचे धडे देणं हा उद्धटपणा आहे. त्याला पगारवाढच हवी. माझा हिशेब त्याच्यासाठी नाही. तिसरा आक्षेप जाणकारांचा: ३० पट कशाला, २५ पट पुरे. त्यामागे विल्यम बेंगन यांचा १९९४चा अभ्यास आहे. पहिल्या वर्षी पुंजीतले ४ टक्के काढावेत आणि पुढे महागाईप्रमाणे रक्कम वाढवावी, हे सूत्र त्यांनी अमेरिकेतल्या शेअर आणि रोख्यांच्या आकड्यांवरून, ३० वर्षांच्या निवृत्तीसाठी काढलं होतं. पंचेचाळिशीत नोकरी सोडणाऱ्याला ४० वर्षं काढायची असतात, तीही इथल्या महागाईत. माझे ३० पटसुद्धा काहींना तोकडे वाटतील, आणि आईवडिलांचं आजारपण अंगावर असेल तर ते तोकडेच आहेत. कंपनीचा सामूहिक आरोग्यविमा नोकरीबरोबर सुटतो आणि साठीपुढच्यांची नवी पॉलिसी महाग पडते, म्हणून ती राजीनाम्याच्या बरीच वर्षं आधी घेऊन तिचा हप्ता त्या ५० हजारांतच बसवावा लागतो.