दोन टक्क्यांच्या आधी

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यातले किमान दोन टक्के समाजासाठी खर्चायचे असतात. दुसऱ्या कायद्याने बंधनकारक असलेले काम मात्र त्यात धरता येत नाही. महाडच्या रासायनिक कारखान्यांबाबत हे ठासून सांगायला हवे. सांडपाणी शुद्ध करणे, कामगाराचा जीव जपणे हे उपकार नव्हेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये इथल्या औषधनिर्मिती कारखान्यातल्या दुर्घटनेत अकरा कामगार दगावले. शाळेत वाटलेली दप्तरे त्याची भरपाई कशी करणार?

मग दोन टक्के कुठे जावेत? कायदा कंपनीच्या परिसराला प्राधान्य द्यायला सांगतो. तो परिसर औद्योगिक वसाहतीच्या कुंपणापाशी संपत नाही. सावित्री नदी महाबळेश्वराहून पोलादपूरमार्गेच महाडला येते. जुलै २०२१ मध्ये महाड पुरात बुडाले, तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली, तशीच पोलादपूरच्या केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही. आपत्तीग्रस्तांचे पुनर्वसन हे सरकारचेच काम, हा आक्षेप रास्त आहे आणि सरकारला त्यातून सूट नकोच. पण आपत्ती व्यवस्थापन हा विषय कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत, म्हणजे या खर्चासाठी मान्य कामांच्या यादीत आहे. डोंगरवाड्यांत पर्जन्यमापक, भोंगे, तरुणांना बचावाचे प्रशिक्षण एवढे कंपन्यांनी एकत्र येऊन उभारावे, आणि कामे ग्रामसभेला विचारून ठरवावीत.